माझगावच्या शाळेचा मॅट्रिकचा वर्ग



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्या गुरुजींनी उभी हयात दहावीचा वर्ग घेतला. म्हणून आजच्या व्याख्यानाला मी शाळेच्या शेवटच्या वर्गाचाच विषय निवडला. ज्या शाळेबद्दल बोलणार आहे ती मात्र आपल्या भागातली नाही. ती मुंबईत, माझगावला आहे. कोकणातल्या ज्यू समाजाने, म्हणजे बेने इस्रायल लोकांनी, ती १८७५ साली काढली. तेव्हा तिचं नाव इस्रायलाइट स्कूल होतं. पुढे ती सर एली कदूरी हायस्कूल झाली.

भातसानगरात बसून माझगावच्या ज्यू शाळेची चौकशी कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या उपयुक्त साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसा धरणात आहे. उन्हाळ्यात आपल्याच वाड्या-पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि इथलं पाणी जलवाहिन्यांतून शंभर किलोमीटर दूर जातं. ज्या शहराला आपण इतकं दिलं, त्या शहराकडून काही शिकायचं असेल तर तो आपला हक्कच आहे. पण हा विषय निवडण्याचं मुख्य कारण पाणी नाही. संख्येने लहान समाज, त्याचे स्वतःचे सण, त्याची स्वतःची आठवण, आणि मुलांना शिकवायचं तर पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या शाळेत पाठवायचं, ही अडचण शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांतल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांना ठाऊक आहे. दीडशे वर्षांपूर्वी बेने इस्रायल समाजापुढे तीच होती. त्यांनी तिच्यावर जो उपाय केला तो सांगण्यासारखा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाळेची पारख तिच्या शेवटच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलावरून करावी. त्याच्या हातात जगात चालेल असा दाखला हवा. आणि तो मिळवण्यासाठी त्याला आपलं घर शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यावं लागलेलं नसावं. या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या, तरच त्या समाजाची शाळा झाली असं म्हणावं.

आता हे लोक कोण, ते थोडक्यात सांगतो. यांच्या परंपरेप्रमाणे यांचे पूर्वज फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा विसावा. कोकणातल्या गावागावांत त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, चेऊलकर, झिराडकर. नावं मराठी वळणाची झाली, सामाजी, हसाजी, मुसाजी. घरात मराठी, अंगावर नऊवारी. सणांची नावंसुद्धा इथलीच. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा सण. ज्या सणाला जगभरचे ज्यू योम किप्पुर म्हणतात, त्याला अलिबागच्या इस्रायल आळीत दरफाळणी म्हणत.

आपला ठाणे जिल्हाही या गोष्टीत आहे. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ १८७९ साली त्यांनी सिनेगॉग बांधलं. ते आजही आहे, आणि आजही तिथे प्रार्थना होते.

अठराव्या शतकात ही माणसं घाणा सोडून मुंबईला येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिपाई, हवालदार, सुभेदार झाली. सॅम्युअल एझेकिएल दिवेकर हे असेच पलटणीतले अधिकारी. त्यांनी १७९६ साली मांडवी भागात मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. पलटणीतून पुढे कचेऱ्या, रेल्वे, दवाखाने. आणि कचेरीत शिरायचं म्हणजे अक्षर लागतं, इंग्रजी लागतं.

ते अक्षर पहिल्यांदा कुणी दिलं? मिशनऱ्यांनी. अमेरिकन मिशन १८१३ पासून मुंबईत होतं. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ला आले. त्यांच्या शाळांत बेने इस्रायल मुलं-मुली भराभर दाखल झाली, आणि अमेरिकन मिशनच्या शाळांत तर या समाजातले शिक्षकही होते. विल्सनसाहेबांनी एक मोठी गोष्ट केली. १८३२ साली त्यांनी हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं. जी भाषा हे लोक शतकानुशतकं विसरले होते, ती त्यांना त्यांच्या घरच्या मराठीतून परत शिकता आली. विल्सन धर्मप्रचारक होते आणि त्यांचा हेतू उघड होता. मुलांनी विद्या घेतली, हिब्रू घेतली, आणि बहुतेक सगळी आपल्या धर्मात राहिली. शिकवणाऱ्याला जे घडायला हवं होतं त्याच्या उलट घडलं. विसरलेली प्रार्थना त्यांना नीट वाचता येऊ लागली आणि ती माणसं जास्त घट्ट ज्यू झाली.

हे मी मिशनऱ्यांना उणं म्हणण्यासाठी सांगत नाही. त्यांच्या शाळा नसत्या तर हा समाज आणखी दोन पिढ्या मागे राहिला असता, आणि हे त्या समाजातल्या जाणत्या माणसांनीही मान्य केलं आहे. पण दुसऱ्याच्या शाळेत शिकण्याला एक मर्यादा असते. वेळापत्रक दुसऱ्याचं, सुट्ट्या दुसऱ्याच्या, सकाळची प्रार्थना दुसऱ्याची. शनिवारी पाटी धरायची नाही असा घरचा नियम, आणि शनिवारी वर्ग भरलेला. ज्या मुलाला प्रत्येक शनिवारी घर की शाळा हे ठरवावं लागतं त्याचं मन दुभंगतं. या मुलाचं दुःख कळलेला एक माणूस त्या समाजात निघाला.

त्यांचं नाव हाईम सॅम्युअल किहीमकर. जन्म अलिबागचा, १८३०चा. सरकारी नोकरी करणारा साधा गृहस्थ. १८५३ साली, म्हणजे मुंबईला विद्यापीठ व्हायच्या चार वर्षं आधी, त्यांनी समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी एक मंडळी उभारली. तेव्हा त्यांचं वय अवघं तेवीस! पुढे बावीस वर्षांनी, १८७५ साली, भावांना बरोबर घेऊन इस्रायलाइट स्कूल काढलं. पुढच्या काळात लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत मिळू लागली. लहानशी शाळा वाढत वाढत हायस्कूल झाली आणि मॅट्रिकला मुलं बसू लागली.

किहीमकरांचं आणखी एक काम आहे. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला. १८९७ साली हस्तलिखित तयार होतं. घाणा कसा चाले, लग्न कसं लागे, सण कोणता, त्या दिवशी पान कसलं, गावोगावची घरं किती, सगळं त्यात आहे. ते पुस्तक छापलं गेलं १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोवर लेखक जाऊन पाव शतक उलटलं होतं. आज बेने इस्रायल लोकांबद्दल जगात कुठेही कुणी लिहायला बसलं, की त्याला किहीमकरांच्या या पुस्तकापाशी यावं लागतं. शाळा काढणारा आणि समाजाची आठवण लिहून ठेवणारा माणूस एकच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलं शिकून दूर जाणार हे त्यांना दिसत असलं पाहिजे.

शाळेतून मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत जायचं तर तिथेही घरच्या विद्येला जागा हवी होती. ती जागा करण्यात जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांचा हात आहे. १८३४चा जन्म. डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या नावाच्या शाळेत १८५६ला सहायक शिक्षक म्हणून लागले, पुढे मुख्याध्यापक झाले, आणि चाळीस वर्षं त्याच शाळेत राहिले. १८७१ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमलं. ज्या विद्यापीठात संस्कृत आणि फारसीचे पेपर होते, तिथे हिब्रूचाही पेपर होता आणि तो तपासणारा माणूस कोकणच्या तेल्यांच्या वंशातला होता. राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांचे ग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. वडिलांना पाठ असलेली आणि अर्थ न कळणारी प्रार्थना मुलाला मराठीतून कळू लागली. अशा घरातून आलेला मुलगा परीक्षेच्या मांडवात बसताना रिकाम्या मनाने बसत नाही.

त्याच सुमाराला, १८८०च्या आगेमागे, या समाजात मराठी कीर्तनं सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या हरिदासी कीर्तनाचा साचा घेतला. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं आपलं. आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. कीर्तनोत्तेजक मंडळी स्थापन झाली. दिवसा शाळेत इंग्रजी व्याकरण घोकणारा मुलगा रात्री टाळ-पेटीच्या साथीवर आपल्या पूर्वजांची गोष्ट मराठीत ऐकत होता. शाळेच्या भिंतींबाहेर समाज असा जागा असला, म्हणजे शाळेचं निम्मं काम होऊन जातं. शिक्षक मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

आता त्या बाईंविषयी सांगतो, ज्यांच्यामुळे मला या शाळेचं वेड लागलं. रिबेका रूबेन. १८८९चा जन्म. पुण्याला हुजूरपागेत शिकल्या. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या सर्व मुलामुलींत पहिल्या आल्या. मुलगी पहिली येण्याची ती पहिली वेळ. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा सबंध मुंबई इलाख्याची असे. इतक्या मुलखातल्या सगळ्या वकिलांच्या, सरदारांच्या, शास्त्र्यांच्या मुलग्यांना मागे टाकून एका अगदी लहान समाजातली सोळा वर्षांची मुलगी पहिली येते, याचा त्या समाजातल्या घराघरांवर काय परिणाम झाला असेल! हुजूरपागेत त्याच वर्षांत त्यांच्याच समाजातली आणखी एक मुलगी शिकत होती, जेरुशा झिराड. त्या पुढे विलायतेहून स्त्रीरोगशास्त्रातली मोठी पदवी घेऊन आल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

रिबेकाबाईंना कुठेही मोठी जागा मिळाली असती. परदेशात जाऊन शिक्षणशास्त्र शिकून आल्या होत्या, हिब्रूचा अभ्यास केलेला होता. १९२२ साली त्या इस्रायलाइट स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५०पर्यंत त्याच खुर्चीवर राहिल्या. अठ्ठावीस वर्षं. दरवर्षी एक मॅट्रिकचा वर्ग बाहेर पडला असं धरलं तर अठ्ठावीस वर्ग त्यांच्या हाताखालून गेले. त्यात मुलगे होते, मुली होत्या. वर्गातल्या थोराड मुलग्यांपुढे उभी असलेली मुख्याध्यापिका कधीकाळी सबंध इलाख्यात पहिली आलेली आहे हे त्यांना माहीत असे. बाईंनी ‘अभ्यास करा’ हे निराळं सांगायची गरजच नव्हती. समाजाची वार्षिकं काढणं, मुलांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तकं लिहिणं, स्त्रियांची संघटना बांधणं हीही कामं त्यांनी केली. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम एकच, की समाजातली सर्वांत हुशार व्यक्ती समाजाच्या शाळेत येऊन राहिली. आपल्याकडे हुशार मुलगा शाळेतून बाहेर पडला की परत शाळेत येतो तो बहुधा सत्काराला. शिकवायला येणारे थोडे.

बाईंच्या कारकिर्दीतच शाळेचं नाव बदललं. सर एली कदूरी हे बगदादचे ज्यू, हाँगकाँग-शांघायला व्यापारात मोठे झालेले. त्यांच्या देणगीवर १९३०च्या दशकात शाळेला त्यांचं नाव मिळालं. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू आणि कोकणातले बेने इस्रायल यांच्यात मुंबईत मोठं अंतर होतं. बगदादी लोक यांना कमी लेखत, वेगळं ठेवत. अशा काळात एका बगदादी धनिकाचा पैसा कोकणी ज्यूंच्या मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी आला. समाजांतली अंतरं उपदेशाने मिटत नाहीत. शाळेच्या इमारतीवर नाव लागण्याने कधीकधी थोडी मिटतात.

या समाजातून निघालेली माणसं कुठे कुठे पोचली ते मुंबईत फिरणाऱ्याला दिसतं. महालक्ष्मी-वरळीकडचा डॉ. ई. मोझेस रस्ता ज्यांच्या नावाचा आहे ते डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. ‘आलम आरा’ या आपल्या देशातल्या पहिल्या बोलपटाची कथा जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरून घेतलेली. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा म्हणजे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. ही सगळी माझगावच्या शाळेत शिकली असं मी म्हणत नाही. पण तेलाच्या घाण्यापासून महापौराच्या खुर्चीपर्यंतचा पल्ला गाठणाऱ्या समाजाने पहिला जोर कुठे लावला, तर शाळेत.

मात्र सगळेच महापौर होत नाहीत. मॅट्रिक झालेला बहुतेक मुलगा रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, दवाखान्यात, शाळेत लागला. घरात नवसाचा मलिदा झाला. तुम्हांला मलिदा म्हणजे आपल्या दर्ग्यावरचा आठवेल; यांचा वेगळा. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण करतात. नवस फिटला, शुभकार्य निघालं, म्हणजे मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावर एलियाहूच्या घोड्याच्या टापेची खूण आहे असं ही मंडळी मानतात आणि नवस फेडायला तिथे जातात. आपल्या म्हसोबाला नवस बोलणाऱ्या मुरबाडच्या आईला ही आई परकी वाटणार नाही. मुलगा पास होऊ दे, एवढंच दोघींचं मागणं.

१९४८ला इस्रायल देश झाला आणि या शाळेच्या शेवटच्या वर्गाची वाट बदलली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बेने इस्रायल समाजातली बहुसंख्य माणसं तिकडे गेली. १९५१च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांच्या वर ज्यू होते. आज ती संख्या पाच हजारांच्या आत आहे. जायला सगळ्यांत उतावीळ शेवटच्या वर्गातली मुलं. आधी थोरला जायचा, मग पत्र, मग घर. १९६०च्या दशकात ऑर्ट या ज्यू शैक्षणिक संस्थेने मुंबईत मुलांसाठी तांत्रिक शिक्षण सुरू केलं. हातात हुन्नर घेऊन तिकडे गेलं तर कामाची ददात पडायला नको, हा त्यामागचा विचार.

तिकडे सगळं गोड नव्हतं. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा नव्या गावांत त्यांना बसवलं. पहिल्या काही वर्षांतच काही जणांनी निराश होऊन धरणं धरलं आणि परत भारतात पाठवा म्हणून हट्ट केला. काही परत आलेही. मग १९६२ साली तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी बेने इस्रायलांच्या लग्नांबाबत वेगळी चौकशी करावी असा आदेश काढला. तुम्ही पूर्ण ज्यू आहात का, हे आधी तपासू, असा त्याचा अर्थ. ज्यांनी पोथ्या बुडाल्यावरही शनिवार सोडला नव्हता त्यांना हा प्रश्न! १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेमला ठिय्या दिला. शांतपणे, दिवसचे दिवस. कुठे शिकले हे? मुंबईत, ठाण्यात, पुण्यात वाढलेल्या पिढीला सत्याग्रह कुणी वर्गात शिकवावा लागत नव्हता. त्या वर्षी इस्रायलच्या संसदेने स्पष्ट सांगितलं की बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. शिकलेला असला, आणि आपण कोण हे त्याला माहीत असलं, म्हणजे माणूस असा उभा राहतो. घरची ओळख शाळेच्या फाटकाशी सोडून आलेल्या माणसाला जेरुसलेमच्या रस्त्यावर बसायचं धैर्य झालं नसतं.

तिकडे मराठी राहिली. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं, कीर्तनं झाली, पुरणपोळी राहिली. इकडे माझगावच्या शाळेत ज्यू मुलं कमी कमी होत गेली. काही लोक हळहळून म्हणतात, शाळा इतकी चांगली झाली की तिने आपली मुलं दूर पाठवली आणि स्वतः रिकामी झाली. मला हे पटत नाही. शाळा रिकामी झालीच नाही. आसपासच्या वस्तीतली मुलं तिच्यात आली. भायखळ्यालाही मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत, तिथे आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. प्रार्थनास्थळ ज्यूंचं, वर्गात मुस्लिम मुलं, आणि गेली कित्येक वर्षं हे शांतपणे चाललेलं आहे. आपल्या मुलांसाठी बांधलेली शाळा शेजाऱ्याच्या मुलांना देऊन जाणं, याहून मोठं दान मला ठाऊक नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तो कागद यायच्या कितीतरी आधी या समाजाने आपल्या शाळांची दारं शेजाऱ्यांसाठी उघडली होती.

आता आपल्याकडे येतो. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याने शिक्षणात एक थोर प्रयोग पाहिला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मूल गुरं राखायला कुरणात जातं, तर शाळाच कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. मूल अंगणात खेळतं, तर अंगणात वाडी भरवायची. मुलाच्या बोलीत बोलायचं, त्याच्या गाण्यातून शिकवायचं. पहिली इयत्ता मुलाच्या दाराशी कशी न्यावी हे या दोघींनी देशाला दाखवून दिलं.

पण शेवटच्या इयत्तेचं काय? आपल्या दोन तालुक्यांत आश्रमशाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, संस्थांची हायस्कुलं आहेत. पहिलीचा पट भरलेला असतो. आठवीनंतर बाकं मोकळी व्हायला लागतात. दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर निघतात, थोरलं मूल धाकट्याला सांभाळायला सोबत जातं आणि दहावीचा अर्ज भरायचा राहतो. जी मुलं दहावीपर्यंत टिकतात त्यांच्यातली कित्येक आपली बोली वर्गात तोंडातून निघू नये म्हणून गप्प बसायला शिकलेली असतात. कातकरी मुलाला कुणी हसलं की तो दुसऱ्या दिवसापासून हात वर करत नाही. हे शिक्षकांना माहीत आहे. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. पाठ्यपुस्तकात त्या मुलाच्या घरचा एक शब्दही नसेल, तर शिक्षकाने तो आणायचा कुठून?

इथे मला १८३२चं ते व्याकरण आठवतं. एका विसरलेल्या भाषेचं व्याकरण मुलाच्या बोलत्या भाषेत छापलं गेलं आणि एक समाज वाचता झाला. आपल्याला उलट दिशेने जायचं आहे: मुलाच्या बोलत्या भाषेला छापील पानावर आणायचं आहे. ठाकरी बोली, कातकरी बोली यांचे शब्द, गाणी, कोडी, सणांच्या रीती, औषधी झाडांची नावं हे सगळं दहावीच्या मुलाकडून लिहून घेता येतं. भाषेचा प्रकल्प म्हणून घेता येतं, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. मराठीच्या शिक्षकाने मनावर घेतलं तर येत्या दिवाळीपर्यंत एक हस्तलिखित उभं राहील. किहीमकर नोकरी सांभाळून लिहीत होते.

आणि दुसरं काम मुख्याध्यापकांचं. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात शाळा सोडल्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. आपण तिथे ‘दहावी उत्तीर्ण’ लिहितो, किंवा ‘पालकांच्या अर्जावरून’, आणि पान उलटतो. त्यापुढे त्या मुलाचं काय झालं हे कुठल्याही कागदावर येत नाही. कोण शहापूरच्या कॉलेजात गेला, कोण कल्याणला आयटीआयला लागला, कोणाचं लग्न झालं, कोण भट्टीवर गेला, कोण नर्सिंगला आहे, याची शाळेने स्वतंत्र वही ठेवायला हवी. माझगावच्या शाळेतली मुलं जगभर पांगली तरी ती कुठली हे त्यांच्या समाजाला माहीत राहिलं. आपली मुलं तर कल्याण-भिवंडीलाच असतात. तरी आपल्याला त्यांचा पत्ता नसतो.

यंदा पास झालेल्या मुलांना माझं सांगणं असं. तुमच्यातली जी सगळ्यांत हुशार आहे, तिने शिकावं तितकं शिकावं, मुंबईला जावं, परदेशी जावं. पण निदान काही वर्षं तिने परत येऊन आपल्या भागातल्या शाळेत दहावीचा वर्ग घ्यावा. रिबेका रूबेन यांनी अठ्ठावीस वर्षं दिली. तुम्ही पाच द्या.

आणि इथे जमलेल्या शहापूर-मुरबाडच्या मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी एक नवी वही घाला. गेल्या दहा वर्षांत तुमच्या दहावीतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाचं आणि मुलीचं नाव तिच्यात लिहा, आणि त्या नावापुढे ते मूल आज कुठे आहे ते शोधून भरा. पुढच्या वर्षी गुरुजींच्या स्मृतिदिनाला त्या वह्या इथे घेऊन या. त्या वाचण्यासाठी मी येईन.